ग्वाल्हेरची थंडी, माशांची टाकी आणि दीडशे युनिटांची रेघ

ग्वाल्हेरात माशांची टाकी ठेवणाऱ्यांचं वीजबिल दिवाळीनंतर वाढायला लागतं आणि डिसेंबर-जानेवारीत शहरातला व्यापार मेळा लागतो त्या सुमारास सगळ्यात वर जातं. बहुतेकांचा पहिला विचार असतो की हीटर मोठ्या वॅटचा आहे, लहान आणू. बिल त्याने कमी होत नाही. थर्मोस्टॅटवाला, म्हणजे ठरवलेल्या तापमानाला आपोआप चालू-बंद होणारा हीटर ५० वॅटचा असो वा २०० चा, टाकीतून दिवसभरात जेवढी उष्णता बाहेर जाते तेवढीच तो भरून काढतो. मोठा हीटर थोडा वेळ चालतो, लहान बराच वेळ, युनिट मात्र जवळपास सारखेच पडतात. म्हणून पैसे वाचवायचे तर उष्णता कुठून बाहेर पडते ते शोधून ती वाट बंद करायची. खालची सगळी कामं त्या एका गोष्टीसाठी आहेत आणि त्यातली बरीचशी दोन-तीनशे रुपयांच्या सामानात होतात.

आधी बिल वाचा

मध्य प्रदेशात घरगुती जोडणीचे टप्पे ५० युनिटांपर्यंत, ५१ ते १५०, १५१ ते ३०० आणि ३०० च्या वर असे आहेत. प्रत्येक टप्प्याचा दर आधीच्यापेक्षा जास्त. टाकीचे युनिट हे नेहमी वरच्या टोकाला जाऊन बसतात, कारण दिवे, फ्रिज, पंखे तर घरात आधीपासून होतेच. म्हणून टाकीचा हिशेब सरासरी दराने न करता शेवटच्या टप्प्याच्या दराने करावा. त्याशिवाय १५० च्या वर गेलेल्या घरात स्थिर आकारही वापरासोबत वाढतो: महिन्याच्या दर १५ युनिटांमागे ०.१ किलोवॅट भार धरून तो लावतात. हीटरने महिन्याला ४५ युनिट घेतले तर ऊर्जा आकाराबरोबर स्थिर आकाराचेही तीन टप्पे वाढले.

सगळ्यात महत्त्वाची रेघ मात्र १५० ची. अटल गृह ज्योती योजनेत महिन्याला १५० युनिटांपर्यंत वापर असलेल्या घराला पहिले १०० युनिट १०० रुपयांत मिळतात. वापर १५० च्या वर गेला की त्या महिन्यापुरती सवलत पूर्ण जाते, नुसती वरच्या युनिटांपुरती नाही. नोव्हेंबरात १३० युनिटांवर असलेलं घर जानेवारीत एका उघड्या टाकीच्या हीटरमुळे १७५ ला पोचलं, तर त्या ४५ युनिटांची किंमत मोजावी लागतेच आणि गेलेल्या सवलतीचे पाचशेच्या आसपास रुपये वेगळे. छोट्या घरात राहून एक-दोन टाक्या सांभाळणाऱ्यांसाठी सगळी मेहनत या रेघेच्या खाली राहण्यासाठी आहे.

योजनेची मोजणी दिवसाच्या सरासरीवर चालते, म्हणजे दिवसाला ५ युनिट. मागच्या बिलावर रीडिंग आणि तारीख छापलेली असते. दहाव्या दिवशी मीटर बघा. फरक ५० च्या आत असेल तर ठीक, ५५-६० दिसला तर अजून वीस दिवस हातात आहेत. महिना संपल्यावर बघून काही उपयोग नाही.

स्वतःच्या घरात वरच्या युनिटाला खरोखर किती पडतात हे काढण्याची सोपी रीत: सवलत न मिळालेली, टाक्या त्याच असलेली दोन महिन्यांची बिलं घ्या, एक ऑक्टोबरचं आणि एक जानेवारीचं. रकमेतल्या फरकाला युनिटांच्या फरकाने भागा. कर आणि आकार धरून येणारा हा आकडा छापील दरापेक्षा बराच वर असतो आणि पुढच्या प्रत्येक खरेदीचा निर्णय त्यावरच घ्यायचा असतो.

टाकी किती खाते ते मोजा

उत्तम साधन म्हणजे प्लगमध्ये लागणारं वीजमापक किंवा युनिट दाखवणारा स्मार्ट प्लग. फक्त हीटर त्यावर लावा आणि तीन पूर्ण दिवस तसाच ठेवा. एका दिवसावर विसंबू नका, कारण उन्हाचा दिवस आणि धुक्याचा दिवस यांत दीडपट फरक पडू शकतो. मग फिल्टर आणि दिवा लावून वेगळं मोजा.

असं साधन नसेल तर घरचं मीटर आहेच. त्यावर लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी एका युनिटाला किती वेळा लुकलुकतो ते छापलेलं असतं. बऱ्याच मीटरांवर ३२०० असतं, पण स्वतःच्या मीटरचा आकडा बघूनच घ्या. घरातलं बाकी सगळं बंद करा, फ्रिज आणि इन्व्हर्टरसुद्धा. हीटर चालू असताना दहा मिनिटं लुकलुक मोजा. ३२०० च्या मीटरवर १०० वॅटचा भार दहा मिनिटांत ५३ वेळा लुकलुकतो. याने हीटरचे खरे वॅट कळतात. तो दिवसातून किती वेळ चालतो हे मात्र यातून कळत नाही, त्यासाठी संध्याकाळी दोन तास त्याच्या दिव्यावर नजर ठेवून चालू-बंदच्या वेळा लिहाव्या लागतात.

आता नमुन्याचा हिशेब. टाकी २ फूट लांब, १ फूट रुंद, १ फूट उंच, आत साधारण ५० लिटर पाणी. खोलीचं दिवसरात्रीचं सरासरी तापमान १६ अंश, पाणी २६ अंशांवर, म्हणजे फरक १० अंशांचा. साधी काच, झाकण नाही, तर टाकीतून सतत सुमारे ६५ वॅट बाहेर जातात. महिन्याचे ४७ युनिट. नीट बसणारं झाकण ठेवलं की ५० वॅट, म्हणजे ३६ युनिट. झाकण ठेवून मागे, दोन्ही बाजूंना आणि तळाला एक इंच थर्माकोल लावला की २६ वॅट, म्हणजे १९ युनिट. हे आकडे ढोबळ आहेत, खोलीच्या वाऱ्यावर आणि टाकीच्या जागेवर थोडे बदलतील. पण ४७ वरून १९ वर येणं हा फरक प्रत्येक टाकीत याच मापाचा दिसतो, आणि वर म्हटलेल्या १३० युनिटांच्या घराला तेवढ्यानेच सवलत राखता येते.

झाकण

पाणी उडून जाताना बरीच उष्णता नेतं. एक लिटर पाण्याची वाफ झाली की सुमारे ०.६८ युनिट उष्णता तिच्याबरोबर गेली. तुमच्या टाकीत हे किती होतं ते पट्टीने कळतं: २ फूट बाय १ फूट टाकीत पाण्याची पातळी १ सेंटिमीटर उतरली म्हणजे १.८ लिटर पाणी उडालं आणि १.२ युनिट गेले. थंडीत आठवड्याला दोन सेंटिमीटर पाणी उतरत असेल तर महिन्याचे दहा युनिट नुसते छताकडे चालले आहेत.

झाकणाला ४ मिलीमीटरची काच चालते. सहा मिलीमीटरचा पोकळ कप्प्यांचा पॉलीकार्बोनेट पत्रा त्याहून चांगला, कारण त्याच्या आत हवा अडकलेली असते, वजन कमी आणि कटरने घरी कापता येतो. कापलेल्या कडांचे कप्पे पारदर्शक टेपने बंद करा, नाहीतर आत पाणी शिरून शेवाळ धरतं. ॲक्रिलिक टाळा, ओलाव्याने दोन-तीन महिन्यांत ते वाकून मधोमध पाण्याकडे झुकतं. झाकण पूर्ण हवाबंद करू नये. हीटरची वायर आणि हवेची नळी जाते त्या कोपऱ्यात एक-दोन सेंटिमीटर फट पुरते. बेट्टा आणि गुरामी पृष्ठभागावर येऊन हवा घेतात, त्यांना झाकणाखालची ती ऊबदार हवा उपकारकच असते, फक्त पाणी आणि झाकण यांत दोन-तीन सेंटिमीटर जागा ठेवा.

झाकण ठेवूनही पाणी झपाट्याने उतरत असेल तर फिल्टरचं तोंड बघा. पाणी उंचावरून पडत असेल, फवारा मारत असेल किंवा एअर स्टोनचे बुडबुडे जोरात असतील तर खोलीतली थंड कोरडी हवा पाण्याला सारखी घासते. पाण्याचं तोंड पृष्ठभागाच्या किंचित खाली आणा, नुसती लहर उठली पाहिजे. हवेच्या पंपाला बारीक नळ लावून बुडबुडे निम्मे करा. थंडीत पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो, मासे कमी असतील तर एवढं पुरतं. मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले तर हवा पुन्हा वाढवा, युनिटांसाठी तिथे थांबू नका.

थर्माकोल लावताना

एक इंच जाडीचा घ्या. अर्ध्या इंचाने काम अर्धवट होतं आणि दोन इंचांनी एक इंचापेक्षा फार थोडं जास्त वाचतं. सजावटीचा भुसभुशीत थर्माकोल नको, दाण्यांची पकड घट्ट असलेला, बोटाने दाबल्यावर खड्डा न पडणारा बघून घ्या. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या बाजारात पॅकिंगचं सामान विकणाऱ्यांकडे तो अखंड पत्र्यात मिळतो. काचेला आधी काळा किंवा निळा चार्ट पेपर चिकटवा, त्यावर थर्माकोल बसवून कडेने रुंद टेप मारा. पत्रा काचेला टेकलेला असला पाहिजे. मध्ये बोटभर फट राहिली तर तिथून हवा खाली-वर फिरते आणि फायदा निम्मा होतो.

तळाचा थर्माकोल टाकी रिकामी असतानाच घालता येतो. ज्या टाकीची तळाची काच थेट टेबलावर बसते तिच्याखाली तो अवश्य घाला, काचेवरचा ताणही सारखा वाटला जातो. ज्या टाकीला खालून प्लास्टिकची उचललेली चौकट आहे तिच्या तळाखाली दाबून भरू नका, काच मध्ये उचलली जाऊन फुटते. लष्कर-दौलतगंज भागातल्या जुन्या दगडी घरांत टाकी पुष्कळदा दगडी ओट्यावर किंवा कोनाड्यात असते. तो दगड रात्रभर गार राहतो आणि टाकीची ऊब ओढून घेतो. अशा घरात तळाचा थर्माकोल बाजूंच्या इतकाच लागतो, आणि मागचा पत्रा भिंत व टाकी यांच्या मध्ये.

दोन सावधगिऱ्या. थर्माकोल पेटतो, म्हणून विजेचा बोर्ड, ॲडॉप्टर, जुन्या ट्यूबचा चोक त्याला टेकता कामा नये. आणि त्याच्या मागे झुरळं घर करतात, म्हणून महिन्यातून एकदा कडेची टेप सोडून बघा. माशांच्या टाकीजवळ कीटकनाशकाचा फवारा मारायचा नसतो, तेव्हा वेळीच पुसून घेणं हाच उपाय.

पुढची काच उघडी राहते. दिवा बंद झाल्यावर तिच्यावर जाड चादर किंवा घोंगडी टाका आणि सकाळी काढा. एवढ्याने रात्रीचा खर्च आणखी थोडा उतरतो आणि वीज गेली तर तोच मोठा आधार होतो.

किती अंश पुरे

दुकानात सगळ्यांना एकच आकडा सांगतात, २८. तो सगळ्या माशांना लागत नाही. गोल्डफिशला हीटरच नको, १८ ते २२ अंशांत तो मजेत असतो. झेब्रा डॅनिओ १८ पासून चालतो. आपल्याच उत्तर भारतातल्या नद्या-ओढ्यांत सापडणारा रोझी बार्ब थंड पाण्याला सरावलेला आहे. गप्पी, निऑन टेट्रा आणि बहुतेक कॉरिडोरास २३-२४ अंशांवर उत्तम राहतात. मॉली आणि एंजलला २५-२६ द्या, बेट्टालाही तेवढंच. डिस्कसला मात्र २८ ते ३० हवंच, तिथे बचत करायला जाऊ नका. फ्लॉवरहॉर्नही २६ च्या खाली सुस्त पडतो.

खोली आणि पाणी यांत १० अंशांचा फरक असताना पाणी एक अंशाने खाली आणलं की हीटरचे युनिट सुमारे दहा टक्के कमी होतात. गप्पी-निऑनची टाकी २७ वरून २४ वर आणणं म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा वाचला. असं कायमचं तापमान उतरवताना दिवसाला अर्धा अंश याच्या पुढे जाऊ नका.

यावरून पुढची गोष्ट निघते: तीन टाक्यांत तीन प्रकारचे मासे मिसळून तिन्ही २८ वर ठेवण्यापेक्षा गरम पाण्याचे मासे एका टाकीत आणा आणि बाकीच्यांचं तापमान उतरवा. जमत असेल तर लहान टाक्यांऐवजी एक मोठी टाकी ठेवा. दोन-दोन फुटांच्या चार टाक्यांना जेवढी काच उघडी असते त्याच्या दोन तृतीयांश काचेत तेवढंच पाणी एका सव्वातीन फूट लांब टाकीत मावतं, आणि खर्चही साधारण त्याच प्रमाणात उतरतो. चारही ठेवायच्याच असतील तर एकमेकींना चिकटवून रांगेत ठेवा आणि थर्माकोल सगळ्या रांगेला मिळून एकच करा. मधल्या टाक्या आपोआप कमी खातात.

रात्री हीटर बंद आणि दिवसा चालू ही कंजूषी करू नये. थोडे युनिट वाचतात हे खरं, पण पाणी रोज चार-पाच अंश खाली-वर झालं की माशांची प्रतिकारशक्ती ढासळते आणि अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके येतात. मग औषध आणि आठवडाभर ३० अंशांचं पाणी, म्हणजे वाचवलेल्यापेक्षा जास्त वीज आणि वर मेलेले मासे.

ज्यांच्या घरी स्मार्ट मीटर बसलं आहे आणि बिलावर दिवसाच्या वापराची सवलत वेगळी दाखवलेली आहे, त्यांनी दुपारी एक अंश वर आणि रात्री एक अंश खाली एवढा खेळ करायला हरकत नाही. थर्माकोल लावलेली टाकी ती ऊब संध्याकाळपर्यंत बऱ्यापैकी धरून ठेवते.

हीटर, थर्मोस्टॅट आणि खोटं बोलणारी डायल

हीटरच्या डायलवर २५ लिहिलेलं असतं आणि पाणी २८ ला जाऊन थांबतं, हे फार सर्रास घडतं. तीन अंश जास्त म्हणजे तीस टक्के जास्त युनिट. म्हणून डायलवर विश्वास न ठेवता काचेचा, आत बुडवायचा थर्मामीटर ठेवा. बाहेरून चिकटवायची रंगीत पट्टी खोलीच्या हवेने एक-दोन अंश कमी दाखवते आणि लोक उगाच हीटर वाढवतात. थर्मामीटर तपासायचा असेल तर बर्फाचा चुरा पेल्यात घट्ट भरून त्यात थोडं पाणी घाला, पाच मिनिटांनी शून्य दिसलं पाहिजे. जेवढी चूक दिसेल तेवढी लक्षात ठेवा.

त्याहून चांगला इलाज म्हणजे वेगळा तापमान नियंत्रक. एसटीसी-१००० या नावाचा छोटा डबा ऑनलाइन आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो. २३० व्होल्टचाच मागा, १२ व्होल्टचाही त्याच रूपात विकतात. हीटरची स्वतःची डायल नेहमीपेक्षा दोन अंश वर लावून ठेवायची आणि चालू-बंद करायचं काम नियंत्रकाकडे द्यायचं. म्हणजे एक बिघडला तरी दुसरा थांबवतो. जोडणी इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या आणि डब्यावर छापलेल्या आकृतीत तापवण्याच्या बाजूचे पेच कोणते ते त्याला दाखवा. थंड करण्याच्या बाजूला वायर गेली तर पाणी गरम झाल्यावर हीटर सुरू होतो. मग या जागा भरा:

एफ१ म्हणजे हवं ते तापमान, समजा २५.०.
एफ२ म्हणजे किती घसरल्यावर सुरू करायचं, ०.५ ठेवा. ०.३ ठेवलं तर रिले, म्हणजे आतला स्विच, उगाच टकटक करत राहतो.
एफ३ ही कॉम्प्रेसरसाठीची थांबण्याची वेळ, टाकीला तिचा उपयोग नाही, सर्वांत कमी ठेवा.
एफ४ म्हणजे दुरुस्ती. तपासलेल्या थर्मामीटरपेक्षा पडदा जेवढा कमी-जास्त दाखवतो तेवढा फरक इथे घाला.

तापमान मोजणारी तार हीटरच्या विरुद्ध टोकाला, पाण्याच्या मध्यापर्यंत बुडेल अशी ठेवा आणि चूषकाने (काचेला चिकटणाऱ्या रबरी वाटीने) पक्की करा. ती निसटून पाण्याबाहेर आली तर नियंत्रक खोलीची थंड हवा मोजत राहतो आणि हीटर थांबतच नाही. हीटर तळाजवळ आडवा, फिल्टरच्या प्रवाहात. उभा लावला तर वरचं पाणी तापतं आणि वाळूजवळचं गार राहतं.

किती वॅटचा घ्यावा? उघड्या टाकीला दर लिटरला एक वॅटच्याही वर लागतात. थर्माकोल आणि झाकण असलेल्या ५० लिटरच्या टाकीला ५० किंवा ७५ वॅट भरपूर झाले. २०० लिटरच्या पुढे एका ३०० वॅटऐवजी १०० वॅटचे दोन घ्या. बिलात फरक नाही, पण हीटरमधल्या पत्तीची टोकं चिकटून तो कायमचा चालू राहणं हा नेहमीचा बिघाड आहे, आणि तेव्हा वॅट फार महत्त्वाचे ठरतात. ५० लिटर पाण्यात ३०० वॅटचा हीटर अडकला तर पाणी तीन-चार तासांत ४० अंशांच्या पुढे जातं. ७५ वॅटचा अडकला तर तासाला अंशाहूनही कमी वाढतं आणि रात्री झालेला बिघाड सकाळी लक्षात येण्याइतका वेळ मिळतो.

बोअरच्या जड पाण्याने हीटरवर पांढरा थर चढतो. त्याने युनिट वाढत नाहीत, कारण उष्णता शेवटी पाण्यातच जाते, पण आतली काच जास्त तापून तडकते आणि थर्मोस्टॅट चुकतो. दोन महिन्यांनी हीटर काढून पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तासभर काचेचा भाग बुडवा आणि धुऊन लावा. पाणी बदलण्याआधी हीटर बंद करून पंधरा मिनिटं थांबायचं. तापलेली काच उघड्यावर आली तर जागीच फुटते, आणि मग टाकीत वीज उतरते. म्हणून टाकीच्या लाइनवर ३० मिलीॲम्पिअरचा गळती-रोधक स्विच असावा आणि प्रत्येक वायर प्लगच्या खाली लोंबून मग वर जावी, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी खाली टपकेल.

पाणी बदलणं कमी करू नका

विजेच्या भीतीने काही जण थंडीत पाणी बदलायचं थांबवतात. हिशेब करून बघा: १५ लिटर पाणी १५ वरून २५ अंशांवर नेण्यास ०.१७ युनिट लागतं. आठवड्याला एकदा म्हणजे महिन्याचं पाऊण युनिटही नाही. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी सकाळी फार गार असतं, ते दुपारी भरा. बोअरचं पाणी थंडीत उलट कोमट लागतं, जमिनीखाली तापमान वर्षभर फारसं बदलत नाही. ते बादलीत काढून तासभर हवा सोडा आणि मग वापरा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काढायचं औषध नेहमीप्रमाणेच.

बाकीची उपकरणं

हीटर दिसतो, म्हणून सगळा दोष त्याच्यावर येतो. ३५ वॅटचा पाण्यातला फिल्टर चोवीस तास चालतो आणि महिन्याला २५ युनिट खातो, तेही बारा महिने. थर्माकोल लावलेल्या टाकीच्या हीटरहून तो जास्त झाला. २ फुटांच्या टाकीला ३५ वॅटचा प्रवाह लागत नाही. पाच वॅटच्या हवेच्या पंपावर चालणारा स्पंज फिल्टर महिन्याला ३.६ युनिटांत तेवढेच मासे सांभाळतो. पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा किंवा नळीत उलट-प्रवाह रोखणारा वॉल्व्ह लावा, नाहीतर वीज गेल्यावर टाकीतलं पाणी नळीतून पंपात उतरतं. फिल्टर एकदम बदलू नका, नवा जुन्यासोबत महिनाभर चालवून मग जुना काढा, म्हणजे उपयोगी जिवाणू नव्यात वसतात. थंडीत या बदलाचा पूर्ण फायदा दिसत नाही, कारण बुडालेल्या मोटरची ऊबही पाण्यालाच मिळत होती आणि आता ती हीटरला द्यावी लागते. खरी बचत होळीनंतर दिसते.

दिवा टायमरवर सात तास. जुनी ट्यूब असेल तर काढून एलईडी लावा, चोकही वीज खातो.

आणि घरात कोणी टाकीकडे बोट दाखवलंच, तर आंघोळीचा गीझर मोजून दाखवा. २ किलोवॅटचा गीझर वीस मिनिटं चालला की ०.६७ युनिट होतं, थर्माकोल लावलेल्या टाकीचा अख्ख्या दिवसाचा हीटर ०.६२. दीडशेच्या रेघेखाली राहायला दोन-चार युनिट कमी करायचे असतील तर गीझर पाच मिनिटं आधी बंद करणं माशांना गारठवण्यापेक्षा नक्कीच बरं.

वीज गेली तर

हीटर इन्व्हर्टरवर लावू नये. बॅटरी भरताना आणि उतरताना वीज वाया जाते, तेच काम दीडपट युनिटांत पडतं आणि रात्री घरातला दिवा विझतो. इन्व्हर्टरवर फक्त हवेचा पंप ठेवा. तापमान काचेवरचा थर्माकोल सांभाळतो: ५० लिटरची उघडी टाकी सुरुवातीला तासाला अंशाहून जास्त उतरते, झाकण-थर्माकोलवाली अर्ध्या अंशाने. चार तास वीज नसली तर एकीत चार अंशांच्या आसपास घसरण, दुसरीत पावणेदोन. घोंगडी पुढच्या काचेवर टाकली की त्याहून कमी. उकळतं पाणी टाकीत ओतायचं नाही. अगदीच वेळ लांबली तर प्लास्टिकच्या बाटलीत हात लावता येईल इतपत गरम पाणी भरून, बूच घट्ट लावून ती टाकीत तरंगत सोडा आणि अर्ध्या तासाने बदला.

मार्चनंतर

होळीच्या सुमारास खोली रात्रीही २४-२५ वर राहू लागली की हीटर काढून कोरडा करून ठेवा. थर्माकोल मात्र काढू नका. ग्वाल्हेरच्या लूमध्ये, म्हणजे उन्हाळ्यातल्या गरम वाऱ्यात, बाहेर ४५ अंश असताना खोली पाण्यापेक्षा गरम असते आणि तोच थर्माकोल आता उष्णतेला आत येऊ देत नाही. काढायचं ते झाकण. त्याजागी मच्छरदाणीची जाळी ताणून लावा आणि पाण्यावर तिरका वारा येईल असा १२ व्होल्टचा कॉम्प्युटरचा पंखा बसवा. दोन-तीन वॅटमध्ये तो पाणी खोलीपेक्षा दोन ते चार अंश खाली ठेवतो, कारण थंडीत जी वाफ पैसे खात होती तीच आता काम करते. पाणी रोज उतरेल, ते साध्या पाण्याने भरत राहा. त्याने क्षार साठत जातात म्हणून आठवड्याचा पाणीबदल चुकवू नका. एप्रिल ते जूनच्या कोरड्या हवेत हा पंखा चोख चालतो. जुलैत पाऊस सुरू होऊन हवा दमट झाली की त्याचा परिणाम जवळपास संपतो, तेव्हा तो बंद करा आणि हवेचा पंप पूर्ण उघडा.